पाताळातील कोठार

पृथ्वीच्या पोटातून दगडी कोळसा, खनिज तेल आणि जळणाचा वायू मनुष्य वर काढतो, हे तुम्हांस ठाऊकच आहे. भूमीच्या पोटातून घ्यावयाचे आणि वर आणून वापरावयाचे, हा क्रम शेकडो वर्षे चालत आला आहे. परंतु गेल्या काही दशकांत काही देशांत याच्या नेमका उलट असा एक उद्योग चालू झाला आहे. कारखान्याच्या धुराड्यातून सुटणारा वायू पकडावयाचा, तो पोलादी नळांतून दूरवर न्यावयाचा आणि जमिनीखाली दीड किलोमीटर खोल असलेल्या खडकात दाबून भरावयाचा! असे केल्याने दोन कामे साधतात. खडकात अडकून राहिलेले तेल वर येते. आणि जो वायू एरवी वातावरणात मिसळला असता, तो भूगर्भात कोंडला जातो. ही युक्ती कशी चालते आणि तिच्यापासून खरोखर किती लाभ होतो, याचा आपण या पाठात विचार करू.

प्रथम या वायूची ओळख करून घेऊ. त्याचे नाव कार्बन डायऑक्साइड. जुन्या मराठी पुस्तकांत त्यास कर्बाम्ल वायू असे म्हणत. सोडावॉटरच्या बाटलीचे तोंड उघडताच जे बुडबुडे फसफसून वर येतात, ते याच वायूचे. आपण श्वास सोडतो त्यातही तो असतो. वनस्पती तो शोषून घेतात व त्यापासून आपले अन्न तयार करतात. म्हणजे हा वायू मुळात आपला शत्रू नव्हे. वातावरणात तो थोडा असल्यामुळेच पृथ्वीवर ऊब टिकून राहते. परंतु औषधसुद्धा प्रमाणाबाहेर घेतले तर अपाय होतो. यंत्रयुग सुरू होण्यापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे 280 भाग होते. 1958 साली चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर त्याचे नियमित मापन आरंभले, तेव्हा हे प्रमाण सुमारे 315 भरले. आता ते 420 च्याही वर गेले आहे. कोळसा आणि तेल जाळल्याने ही भर पडत आहे. त्यामुळे सूर्यापासून आलेली उष्णता पृथ्वीजवळ अधिक अडकून राहते, हवामान तापते, आणि पाऊस, शेती व समुद्राची पातळी या सर्वांवर त्याचा परिणाम होतो.

आता तेलाकडे वळू. जमिनीखाली तेलाची मोठमोठी तळी असतात, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ती खरी नव्हे. पाय घासावयाची वजरी तुम्ही पाहिली असेल. दिसावयास ती दगडासारखी. परंतु तिच्या अंगभर बारीक बारीक छिद्रे असतात. तेल धरून ठेवणारा खडकही असाच सच्छिद्र असतो. मात्र त्याची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात की, ती नुसत्या डोळ्यांनी सहसा दिसत नाहीत. वाळूचे कण एकमेकांस चिकटून बनलेला वालुकाश्म किंवा समुद्राच्या तळाशी तयार झालेला चुनखडक यांच्या रंध्रांत तेल आणि खारे पाणी भरलेले असते. त्याच्या वर घट्ट, छिद्ररहित खडकाचा एक थर झाकणासारखा बसलेला असतो. हे झाकण नसते, तर तेल पाझरत पाझरत केव्हाच भूपृष्ठावर येऊन नाहीसे झाले असते.

अशा खडकापर्यंत विहीर खणली की, आरंभी काही काळ तेल आपोआप वर येते. कारण खोलवर ते मोठ्या दाबाखाली असते. पुढे दाब कमी होतो व तेलाचा ओघ मंदावतो. मग दुसरा उपाय योजतात. काही विहिरींतून खाली पाणी सोडतात. ते पाणी तेलाला पुढे ढकलते आणि दुसऱ्या विहिरींतून ते तेल वर काढतात. परंतु याही उपायाला मर्यादा आहे. तुपाचे भांडे नुसत्या थंड पाण्याने धुऊन पाहा. पाणी वाहून जाते. तूप भांड्याला चिकटूनच राहते. तेल आणि पाणी यांचे सख्य नसल्यामुळे खडकातही असेच घडते. पाणी आपली वाट काढून निघून जाते आणि रंध्रांच्या कोपऱ्याकोपऱ्यांत तेलाचे थेंब अडकून राहतात. हे दोन्ही उपाय करून झाल्यावरही पुष्कळ ठिकाणी निम्म्याहून अधिक तेल खडकातच उरते.

तुपाचे भांडे स्वच्छ करण्यासाठी आपण राख, शिकेकाई किंवा साबण वापरतो. खडकातील तेल सोडविण्यासाठीही असाच एखादा पदार्थ हवा होता. तो कर्बाम्ल वायूच्या रूपाने सापडला. या वायूचा एक विलक्षण गुण आहे. तापमान 31 अंश सेल्सिअसच्या वर असेल आणि दाब आपल्या सभोवतालच्या हवेच्या दाबाच्या सुमारे 73 पटींहून अधिक असेल, तर तो धड वायूही राहत नाही आणि धड द्रवही होत नाही. तो द्रवासारखा दाट होतो आणि तरीही वायूसारखा बारीकसारीक फटींत शिरतो. जमिनीखाली साधारणतः 800 मीटरांहून अधिक खोल गेल्यास अशी स्थिती आपोआपच लाभते. या स्थितीतील कर्बाम्ल वायू तेलात मिसळतो. त्याने तेल फुगते आणि पातळ होते. आळशी झालेले तेल जणू पुन्हा चालू लागते! त्याच्या मागोमाग पुन्हा पाणी सोडतात, पुन्हा वायू सोडतात. आणि अशा रीतीने तेल विहिरीकडे लोटले जाते.

हा उपाय व्यापारी प्रमाणावर प्रथम 1972 साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात, स्करी परगण्यातील एका मोठ्या तेलक्षेत्रात योजण्यात आला. त्या वेळी वातावरणाची चिंता हा त्यामागील हेतू नव्हता. अधिक तेल मिळावे, एवढीच इच्छा होती. परंतु पुढे शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले की, खाली सोडलेल्या वायूचा मोठा भाग तेथेच राहतो. मग असा विचार पुढे आला की, जो वायू धुराड्यांतून वाया जातो आणि हवा बिघडवितो, तोच येथे का वापरू नये?

या विचाराचे उत्तम उदाहरण कॅनडा देशात पाहावयास मिळते. त्या देशाच्या सस्कॅचेवान प्रांतात वेबर्न नावाचे गाव आहे. चहूकडे सपाट माळ आणि दूरवर पसरलेली गव्हाची शेते, असा तो मुलूख आहे. 1954 साली तेथे तेल सापडले. सुमारे 34 कोटी वर्षांपूर्वी उथळ समुद्राच्या तळाशी जो चुनखडक तयार झाला, त्यात हे तेल साठलेले आहे. तो खडक जमिनीखाली सुमारे 1400 ते 1500 मीटर खोल असून त्याची जाडी जेमतेम 20 ते 30 मीटर आहे. त्याच्यावर जिप्समच्या जातीच्या घट्ट खडकाचे झाकण आहे. आरंभी तेथून पुष्कळ तेल निघाले. 1964 सालापासून पाणी सोडण्याचा उपाय सुरू झाला. परंतु पुढे उत्पादन घटत गेले. 2000 सालापर्यंत एकूण साठ्याच्या केवळ चतुर्थांशाच्या आसपास तेल वर आले होते. उरलेले तीन हिस्से तेल पायांखाली होते. पण ते हाती येत नव्हते.

याच सुमारास सीमेपलीकडे, अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यात, ब्यूला या गावाजवळ एक कारखाना चालू होता. तेथे 1984 सालापासून हलक्या प्रतीच्या कोळशापासून जळणाचा वायू तयार करीत. त्या क्रियेत कर्बाम्ल वायू मोठ्या प्रमाणात निघे आणि तो हवेत सोडून देण्यात येई. एका ठिकाणी वायू नकोसा झालेला आणि दुसऱ्या ठिकाणी त्याची गरज! मग या दोन ठिकाणांमध्ये सुमारे सव्वातीनशे किलोमीटर लांबीचा नळ टाकण्यात आला आणि 2000 साली ब्यूलाचा वायू वेबर्नच्या खडकात उतरू लागला. मंदावलेल्या तेलक्षेत्राला नवे आयुष्य लाभले. पुढे 2014 साली याच प्रांतातील एस्टेव्हन गावाजवळच्या कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रातील एका संचाच्या धुरातून हा वायू वेगळा करण्याची यंत्रणा सुरू झाली आणि तेथूनही वेबर्नला वायू मिळू लागला. आजवर या तेलक्षेत्रात तीन कोटी टनांहून अधिक वायू भूगर्भात साठविला गेला आहे.

येथे तुमच्या मनात एक शंका येईल. तेलाबरोबर वायूही पुन्हा वर येत नसेल काय? येतो, काही वायू अवश्य वर येतो. परंतु त्यास मोकळा सोडीत नाहीत. तेल, पाणी आणि वायू यांना मोठ्या टाक्यांत वेगवेगळे करतात, वायू पुन्हा दाबतात आणि पुन्हा खाली धाडतात. रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे हा वायू खालून वर व वरून खाली असा फिरत राहतो. प्रत्येक फेरीत त्याचा काही भाग खडकातच अडकून राहतो.

दुसरी शंका याहून महत्त्वाची आहे. खाली कोंडलेला वायू तेथे टिकेल कशावरून? याचे उत्तर असे की, निसर्गाने त्यास चार प्रकारची कुलपे लावलेली असतात. पहिले कुलूप म्हणजे वरचे घट्ट खडकाचे झाकण. ज्या झाकणाने तेलाला कोट्यवधी वर्षे खाली रोखून धरले, ते वायूलाही रोखू शकते. दुसरे कुलूप म्हणजे खडकाची सूक्ष्म रंध्रे. पाण्यात बुडवून पिळलेल्या फडक्यात थोडे पाणी राहतेच. त्याप्रमाणे वायूचे बारीक बुडबुडे रंध्रांत अडकून पडतात. तिसरे कुलूप म्हणजे खडकातील खारे पाणी. सोड्याच्या बाटलीतल्याप्रमाणे वायू त्या पाण्यात विरघळतो आणि असे पाणी किंचित जड झाल्यामुळे वर न येता खालीच बसते. चौथे कुलूप सर्वांत बळकट. परंतु ते लागावयास सहसा फार काळ जातो. पाण्यात विरघळलेल्या वायूचा खडकातील क्षारांशी संयोग होतो आणि अखेर त्याचा दगडच बनतो. एकदा दगड झाला की, निसटून जाण्याची भीती उरत नाही.

तथापि निसर्गाच्या कुलपांवर विसंबून मनुष्याने निष्काळजी राहून चालत नाही. कर्बाम्ल वायू हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असतो. तो एकदम मोठ्या प्रमाणात सुटला, तर सखल जागी साचतो आणि प्राणवायूला दूर सारतो. 1986 साली आफ्रिकेतील कॅमेरून देशात न्योस नावाच्या ज्वालामुखीच्या सरोवरातून नैसर्गिक रीतीने हा वायू उफाळला आणि एका रात्रीत सुमारे 1700 माणसे गुदमरून मृत्यू पावली. 2020 सालच्या फेब्रुवारी महिन्यात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात सटार्शिया या गावाजवळ असा वायू वाहून नेणारा नळ फुटला. अतिवृष्टीने तेथील जमीन घसरली होती. मोटारींची यंत्रे प्राणवायूवाचून बंद पडली. सुमारे 200 लोकांना घरे सोडावी लागली आणि 45 जणांना रुग्णालयात जावे लागले. सुदैवाने कोणी दगावले नाही. नळांची निगा आणि जुन्या, सोडून दिलेल्या विहिरींची तोंडे पक्की बंद करणे यांकडे किती लक्ष द्यावयास हवे, ते या घटनेवरून कळून येते.

म्हणूनच वेबर्न येथे 2000 सालापासून अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी बारा वर्षे बारकाईने पाहणी केली. मडके पक्के आहे की तडकलेले, हे कुंभार बोटाने वाजवून ओळखतो. शास्त्रज्ञही जमिनीवरून ध्वनिलहरी खाली सोडतात आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपून खडकातील वायू कोठवर पसरला आहे, याचे चित्र काढतात. ठरावीक काळाने हे चित्र पुन्हा काढले की, वायूची वाटचाल कळते.

2011 साली या पाहणीची खरी कसोटी लागली. वेबर्नच्या परिसरातील एका शेतकरी कुटुंबाने तक्रार केली की, आमच्या शेतातील पाण्यातून बुडबुडे येत आहेत व खालचा वायू आमच्या जमिनीत शिरला आहे. ही तक्रार हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. तज्ज्ञांनी त्या शेताच्या मातीतील हवेचे नमुने घेतले. हा वायू मातीतलाच की पाताळातून आलेला, हे कसे ओळखावयाचे? त्यासाठी एक सोपे तत्त्व उपयोगी पडले. मातीतील मुळे व सूक्ष्म जंतू श्वसन करतात, तेव्हा ते प्राणवायू घेतात आणि कर्बाम्ल वायू सोडतात. म्हणजे एक जितका घटतो, त्या मानाने दुसरा वाढतो. परंतु वायू खालून घुसला असेल, तर तो प्राणवायू व नायट्रोजन या दोघांनाही सारखाच बाजूला सारतो. शेतातील नमुन्यांत पहिला प्रकार आढळला. तो वायू तेथल्या मातीचाच होता, खालचा नव्हता. इतर तपासण्यांचाही निष्कर्ष तोच निघाला. शंका आली असता ती दडपून न टाकता मोजमापाने तिचे निरसन करावे, हा धडा या घटनेपासून घेण्यासारखा आहे.

आता या युक्तीचा जमाखर्च मांडू. तेल मोजण्याचे माप बॅरल हे होय. एका बॅरलमध्ये सुमारे 159 लिटर तेल मावते. एक बॅरल तेल अशा रीतीने वर काढताना साधारणतः 300 ते 600 किलोग्रॅम कर्बाम्ल वायू खाली धाडावा लागतो. परंतु वर आलेले तेल शेवटी कोठे जाते? मोटारींत आणि कारखान्यांत ते जळते. आणि एक बॅरल तेल जळाले की, सुमारे 430 किलोग्रॅम कर्बाम्ल वायू हवेत जातो. शिवाय वायू दाबण्यास, तेल वाहण्यास व शुद्ध करण्यास जी शक्ती लागते, तिचाही खर्च धरला पाहिजे. अर्थात या व्यवहारात हवेला मोठा नफा होतोच असे नाही. त्यातही वायू कोठून आणला, याला फार महत्त्व आहे. अमेरिकेत अशा कामासाठी वापरलेला पुष्कळसा वायू भूगर्भातील नैसर्गिक साठ्यांतूनच काढलेला असे. एका कोठारातून काढून दुसऱ्या कोठारात भरल्याने हवेचे ओझे कसे हलके होणार? धुराड्यातून सुटणारा वायू पकडून खाली भरला, तरच लाभ. आणि तोही हिशेब चोख ठेवला, तरच.

या कारणाने काही ठिकाणी तेलाचा लोभ न धरता केवळ साठवणीसाठीच हा वायू खाली सोडतात. नॉर्वे देशाने 1991 साली समुद्रातील तेल-वायूच्या उद्योगावर कर्बाम्ल वायूबद्दल कर बसविला. हवेत वायू सोडणे महाग पडू लागले. तेव्हा उत्तर समुद्रातील स्लाइप्नर या क्षेत्रात 1996 सालापासून हा वायू समुद्रतळाखालच्या, खाऱ्या पाण्याने भरलेल्या वाळूच्या थरात सोडण्यास आरंभ झाला. आइसलँडमध्ये 2012 साली वायू पाण्यात विरघळवून तो ज्वालामुखीच्या काळ्या खडकात सोडून पाहिला. तेथे चौथे कुलूप आश्चर्यकारक त्वरेने लागले. दोन वर्षांच्या आत त्यातील 95 टक्क्यांहून अधिक वायूचा दगड झाला!

हा काळा खडक म्हणजे बेसाल्ट होय. आपल्या सह्याद्रीचे कडे याच खडकाचे आहेत. आपले गड-किल्ले त्याच्यावरच उभे आहेत. महाराष्ट्राचा फार मोठा भाग या काळ्या पाषाणाने व्यापलेला असल्यामुळे दख्खनच्या खडकात असा वायू साठविता येईल काय, याचा शास्त्रज्ञ अभ्यास करीत आहेत. गुजरातेतील जुन्या तेलक्षेत्रांविषयीही असाच विचार झाला आहे. कोयली येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातील वायू गंधारच्या तेलक्षेत्रात सोडता यावा, यासाठी 2019 साली तेल व नैसर्गिक वायू महामंडळ आणि इंडियन ऑइल यांनी करार केला.

तरीही एक गोष्ट विसरता कामा नये. घरात पाणी शिरत असता ते उपसून बाहेर टाकणे आवश्यक असते. परंतु त्याबरोबर नळाची तोटीही बंद करावी लागते. वायू भूगर्भात भरणे म्हणजे पाणी उपसणे होय. कोळसा व तेल यांचा वापर कमी करणे, सूर्य आणि वारा यांपासून शक्ती मिळविणे, झाडे राखणे, ही तोटी बंद करण्याची कामे आहेत. पाताळातील कोठार कितीही मोठे असले, तरी ते भरून टाकण्याचे काम संथ, खर्चाचे आणि दीर्घकाळ जपणुकीचे आहे. आपल्या आधीच्या पिढ्यांनी पृथ्वीच्या पोटातून जे काढले, त्यातील थोडे तरी परत ठेवण्याची विद्या आज माणसाला साधली आहे. ती कोठे वापरावी आणि तिच्यावर किती भिस्त ठेवावी, हे ठरविण्याचे काम उद्या तुमच्याकडे येणार आहे.

अभ्यास

1. पाण्याने तेल पूर्णपणे का निघत नाही? तुपाच्या भांड्याच्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.

2. भूगर्भातील वायूला निसर्गाने लावलेली चार कुलुपे कोणती? त्यांतील सर्वांत बळकट कोणते व का?

3. शेतातील वायू मातीतलाच होता, हे तज्ज्ञांनी कसे ओळखले?

4. ‘अर्थात या व्यवहारात हवेला मोठा नफा होतोच असे नाही,’ असे लेखकाने का म्हटले आहे? आकडे देऊन सांगा.

5. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : हसण्यावारी नेणे, भिस्त ठेवणे, शंकेचे निरसन करणे, कसोटी लागणे.

6. तुमच्या गावाजवळचा खडक कोणत्या जातीचा आहे, याची माहिती मिळवा आणि त्याचे दहा ओळींत वर्णन लिहा.